सवय मोडली, दोष कोणाचा?

सवय टिकत नाही याचे कारण माणसाची इच्छाशक्ती कमी पडते, हे मत आपल्याकडे इतके मुरले आहे की ते कोणी तपासूनही पाहत नाही. सकाळचे फिरणे महिन्याभरात सुटले किंवा हिशेबाची वही दिवाळीनंतर कोरी राहिली, की घरचे, शेजारचे आणि तो माणूस स्वतःही एकच निदान करतो: मनावर घेतले नाही. मला हे निदान चुकीचे वाटते, आणि ज्याच्या माथी ते मारले जाते त्याच्यावर अन्याय करणारेही वाटते.

पूर्वपक्षाचे म्हणणे आधी पुरते ऐकून घेऊ. तो तीन गोष्टी सांगतो. २१ दिवस नेटाने केले की काहीही अंगवळणी पडते. मधे एकही दिवस चुकता कामा नये. आणि यासाठी लागणारे मनोबल काही माणसांत असते, काहींत नसते.

पहिल्या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ हा अमेरिकेतला प्लास्टिक सर्जन. १९६० साली आलेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्याने नोंदवले, की शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला साधारण २१ दिवस तरी लागतात. आरशातल्या चेहऱ्याला सरावणे आणि रोज पहाटे उठून पळायला जाणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पण आकडा सुटसुटीत होता, तो चालला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न नीट तपासला. ९६ जणांनी जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे, रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटे पळणे अशी एकेक साधी गोष्ट निवडली आणि ८४ दिवस रोज नोंद ठेवली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती गोष्ट आपोआप होऊ लागण्याचा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. मधला आकडा ६६. ८४च्या पुढचे आकडे नोंदींच्या कलावरून काढलेले अंदाज आहेत, हे सांगायलाच हवे. तरी सर्वांना लागू पडणारी मुदत नसते एवढे त्यातून स्वच्छ दिसते. बाविसाव्या दिवशीही ज्याला अंथरूण सोडवत नाही, त्याने स्वतःला नालायक ठरवण्याचे काही कारण नाही.

दुसऱ्या विधानामागे मोठी माणसे उभी आहेत, म्हणून ते जपून खोडले पाहिजे. विल्यम जेम्सने १८९०च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात बजावले, की नवी सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका. त्याच्या कितीतरी आधी पतंजलीने अभ्यास दृढ होण्यासाठी तो दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने करावा असे सांगून ठेवले. पतंजलीशी माझे भांडण नाही. तो चित्तवृत्तींच्या निरोधाबद्दल बोलतो, आणि त्या वाटेला लागलेला माणूस सगळे जगणेच त्या बेताने आखतो. माझे भांडण आहे ते तोच दंडक पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या, घरी आजारी सासू किंवा लहान मूल असलेल्या माणसाला लावणाऱ्यांशी. लॅलीच्या नोंदींत एखादी वेळ चुकल्याने सवय जडण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. एक दिवस बुडाला म्हणून काही बिघडत नाही. ‘आता मोडलेच’ म्हणून पुढचा सगळा महिना सोडून दिला की बिघडते. आणि तो महिना सोडायला अखंडतेचा हा धाकच माणसाला भाग पाडतो.

मनोबलाचे विधान सर्वांत लाडके आहे, कारण त्यात यशस्वी माणसाची स्तुती होते. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग शहरात विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००हून अधिक प्रौढांना आठवडाभर, दिवसातून अनेकदा विचारले: आत्ता कशाची इच्छा होते आहे, ती आवरावी लागते आहे का? २०१२ मध्ये निष्कर्ष आले. स्वतःवर ताबा असलेली माणसे मोहाशी जास्त झुंजत असतील, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांच्यावर झुंजण्याची वेळच कमी येत होती. मला याचा अर्थ असा दिसतो, की त्यांचा दिवस आधीच नीट लागलेला असतो. आपण बाहेरून पाहतो, आपल्याला त्यांची घडी दिसत नाही, आणि ती घडी आपण त्यांच्या स्वभावाच्या खात्यावर जमा करतो.

आता माझा पक्ष. सवय ठरलेल्या जागेवर, ठरलेल्या वेळेवर आणि सोबतच्या माणसांवर उभी राहते. एकट्याच्या निश्चयाने ती सुरू होते. तेवढ्या बळावर क्वचितच टिकते.

जागेचा जोर किती असतो, याचा एक प्रयोग डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात काहींना ताजे, तर काहींना आठवडाभर जुने पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. तेच सभेच्या खोलीत बसवून दिले तेव्हा मात्र शिळे शिळेच लागले. अंधार, खुर्ची, पडदा एवढ्यावर हात आपोआप पुडक्यात जात होता. वाईट सवय जागा सांभाळते, तर चांगलीही सांभाळू शकेल.

पण मला खरा पुरावा दिसतो तो आपल्या गावांतल्या बचत गटांत. ज्या बायकांच्या हातात स्वतःचा पैसा टिकत नाही, त्या बचत काय करणार, असे एके काळी शहाणी माणसेही म्हणत. १९९२ मध्ये नाबार्डने असे ५०० गट बँकांशी जोडून पाहण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेल्या ‘माविम’ या महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११पासून ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने हे काम वाड्यावस्त्यांवर नेले. या गटांत बाईला कोणी जिद्दीवर व्याख्यान देत नाही. तिला पंचसूत्री सांगतात: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. दहा ते वीस जणी, एकाच वस्तीतल्या. बैठकीचा वार ठरलेला, जागा ठरलेली. कोणाची ओसरी, नाहीतर समाजमंदिर. हजेरी घ्यायची, प्रत्येकीने आपली रक्कम सगळ्यांसमोर ठेवायची, सचिवाने ती वहीत आणि पासबुकात चढवायची. उशीर झाला तर दंड, तोही गटानेच ठरवलेला. मग कोणाला मुलाच्या फीसाठी, कोणाला बियाण्यासाठी, कोणाला दवाखान्यासाठी पैसे हवेत ते तिने उघड मागायचे, आणि बाकीच्यांनी खल करून द्यायचे.

यात इच्छाशक्तीला फारसे कामच उरत नाही. पन्नास रुपये बाजूला टाकायचे की नाही, हा प्रश्न बाईला रोज एकटीने सोडवावा लागत नाही. तो वार तिच्यासाठी सोडवतो, आणि शेजारीण हाक मारून सोडवते. एखादीचा हप्ता चुकला तर पुढच्या बैठकीला त्याचे कारण विचारले जाते आणि ती पुन्हा रांगेत येते. गट मोडला असे कोणी जाहीर करत नाही. उलट, बैठक फक्त कागदावर होऊ लागली आणि सचिव दारोदार फिरून पैसे गोळा करू लागली, की गट ढिला पडायला वेळ लागत नाही. बायका त्याच, त्यांची गरज तीच, मनोबलही तेच. गेलेले असते ते एकत्र बसणे.

कोणी म्हणेल, त्या कर्जासाठी येतात, बचतीच्या गोडीने नव्हे. बरोबर आहे, आणि त्यात कमीपणा काय? चांगल्या गोष्टीचे फळ लवकर हाताला लागले तर ती टिकते. म्हातारपणी कामी येईल एवढ्याच भरवशावर तरुण बाईने महिन्यामागून महिने पैसे टाकावेत, ही अपेक्षा सुखवस्तू माणसालाच सुचू शकते.

वारीतही हेच दिसते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली, मुक्कामांची गावे ठरलेली. घरातला वारकरी थकला किंवा आजारी पडला, तर भाऊ किंवा मुलगा त्याच्या जागी निघतो. नेम घराचा असतो, म्हणून एका माणसाच्या गुडघ्यांवर तो अवलंबून राहत नाही.

याहून अवघड आक्षेप असा: चार माणसांच्या नजरेने सवय लावायची म्हणजे जबरदस्तीच की. या आक्षेपात दम आहे. महाराष्ट्रातच हागणदारीमुक्तीच्या काळात गुड मॉर्निंग पथके पहाटे फिरली, उघड्यावर बसलेल्यांना त्यांनी गाठले, लाजवले. लाजेने माणसे लपली. ज्या शौचालयांना पाणी नव्हते, त्यांत काही ठिकाणी सरपण आणि गोवऱ्या जाऊन पडल्या. बचत गटाची नजर आणि पथकाची नजर यांत फरक आहे. गटात नियम करणाऱ्या आणि पाळणाऱ्या बायका त्याच असतात, आणि चुकलेलीला परत घेण्याची सोय नियमातच असते. जिथे वरून आलेला माणूस फक्त पकडतो आणि सोय कोणीच करत नाही, तिथे धाक उठला की सवयही उठते. वसुलीच्या धाकावर चालणारे गट मला म्हणूनच मान्य नाहीत. ते बचत गटाचे नाव लावत असले तरीही.

आणि एकट्याने वर्षानुवर्षे रियाज करणारा गवई? त्याच्याही मागे गुरूचे घर असते, तिथे ठरलेली पहाटेची वेळ असते, जुळवून ठेवलेला तानपुरा असतो. तो पुढे एकटा बसतो तेव्हाही ते सगळे त्याच्याबरोबर असते.

मला ज्याचा राग येतो ते आता सांगते. आपण ज्याला शिस्तीचा माणूस म्हणून गौरवतो, त्याच्या घरात पाहा. तो पाचला चालायला निघतो, सातला वाचायला बसतो, ठरल्या वेळी जेवतो. त्याच्याआधी कोणीतरी उठलेले असते, नळाचे पाणी भरून झालेले असते, चहा झालेला असतो, मुलांचे डबे भरलेले असतात. त्याच्या सवयीचे ओझे दुसरे कोणी वाहते आणि गुण त्याला मिळतात. त्याच घरातल्या त्याच बाईला मधुमेह निघतो. दवाखान्यात सांगतात, रोज पाऊण तास चाला. तीन महिन्यांनी साखर वाढलेली दिसते आणि तपासणारा, नवरा, सासू, सगळे तिलाच म्हणतात: तुम्ही मनावर घेत नाही.

तिला चालायला सांगणाऱ्या डॉक्टरांनी नवऱ्यालाही समोर बसवावे आणि विचारावे: ही किती वाजता जाणार, कोणाबरोबर जाणार, तेवढा वेळ शेगडीपाशी कोण उभे राहणार? उत्तरे केसपेपरवर गोळ्यांच्या खाली लिहावीत आणि पुढच्या तपासणीला साखरेच्या आकड्याइतक्याच काटेकोरपणे विचारावीत. गल्लीतल्या गटानेही बैठकीत हा विषय घ्यावा आणि रोज संध्याकाळी कोणाच्या दारापासून निघायचे ते ठरवून वहीत लिहावे. बाकी काही नाही तरी हजेरी घ्यायची सवय त्यांना आहेच.