न्यूनगंडाचा शिक्का



आमच्या कवितेत राग दिसला की मास्तर-समीक्षक म्हणतात, "हा न्यूनगंड." मी म्हणतो, गंड-बिंड काही नाही, हा जातीचा मार आहे. ते गालात हसतात. "बघा, नाकारताय! म्हणजे आहेच." कबूल केलं तरी आहे, नाकारलं तरी आहे. ही कसली तपासणी?

न्यूनगंड हा अ‍ॅडलरचा, डाव मात्र फ्रॉइडचा. रोग्याने अर्थ मानला तर सिद्ध. नाही मानला तर 'प्रतिरोध', म्हणजे पुन्हा सिद्ध. १९१९ साली पॉपरने अ‍ॅडलरला एका मुलाची हकिकत सांगितली. मुलाला न बघताच अ‍ॅडलर न्यूनगंड लावून मोकळा! पॉपर म्हणाला, जे कशानंच खोटं ठरू शकत नाही ते विज्ञान नव्हे. ग्रुनबाऊमने १९८४ साली वेगळं मांडलं: फ्रॉइडचे काही दावे तपासता येतात, पण कोचावरच्या रोग्याचं बोलणं हा पुरावा पुरत नाही, डॉक्टरचंच म्हणणं त्यात उतरलेलं असू शकतं.

आपल्याला हे नवीन नाही. दुःख भोगतोस? मागच्या जन्मीचं पाप. आठवत नाही? ते आठवणारच नाही! पूर्वजन्म काय, अबोध मन काय, किल्ली दुसऱ्याच्याच कमरेला.

सिद्धांताचे सांधे एकमेकांत बसतात म्हणून तो खरा, असंही सांगतात. अरे, चातुर्वर्ण्य, कर्म, पुनर्जन्म यांचेही सांधे बसतात! बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू ड्युई विचाराची परीक्षा कृतीच्या परिणामांवर करत. तशी परीक्षा आपल्या कोल्हापुरात झाली. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव 'सत्यसुधारक'. शाहू महाराजांनी तिथं चहा घेतला. विटाळ कपबशीत बुडाला. महाराजांनी गंगारामांचं अबोध मन उकरलं नाही. मारणाऱ्यांच्या डोक्यातला विटाळ उघड्यावर आणला.

मनाचा अभ्यास नको, असं मी म्हणत नाही. जात ही मनाची अवस्था आहे हे बाबासाहेबांनीच १९३६ साली मांडलं. पण कुणाच्या मनाची? फॅनन स्वतः मनोविकारतज्ज्ञ. काळ्या माणसाच्या न्यूनगंडाचं मूळ त्याने १९५२ साली गोऱ्यांच्या सत्तेत आणि पैशाअडक्यात दाखवलं.

तेव्हा पोरांनो, कुणी 'गंड' म्हटलं की तोंडावर विचारा: काय दिसलं तर तुम्ही हे म्हणणं मागं घ्याल? उत्तर मिळालं तर ऐका, तपासा. नाही मिळालं तर समजा, डॉक्टरच्या कोटात भटजी बसलाय.