हेड घासण्याआधी हिशेब करा

सध्या पोस्टिंग जयपूर, मुक्काम आदर्श नगर. पुण्या-साताऱ्यात ऐकलेला सल्ला इथेही ऐकू येतो. कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट ओढत नाही म्हटलं की मिस्त्री सांगतो, "हेड एक एमएम घासा, पातळ गॅस्केट टाका, कॉम्प्रेशन वाढेल, गाडी वाघ होईल." रिटायर झालेला जवान पेन्शनचे पैसे काढतो आणि हेड लेथवर चढतं.

मंडळी, आधी आकडे बघा. ३५० बुलेटचा बोअर ७० एमएम, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. कॉम्प्रेशन ६.५ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ६३ सीसी. एक एमएम घासल्यावर त्यातली पावणेचार-चार सीसी जाते आणि कॉम्प्रेशन होतं जेमतेम ६.९. फायदा कागदावरसुद्धा दोन टक्क्यांच्या आसपास. दोन टक्क्यांसाठी परत न येणारा धातू कापायचा?

मुळात कॉम्प्रेशन कमी ठेवणारे मूर्ख नव्हते. १९५५ साली मद्रासला बुलेटचा कारखाना उभा राहिला तो लष्कराच्या मागणीच्या जोरावर. मिळेल त्या पेट्रोलवर गाडी चालली पाहिजे, ही फौजेची गरज. कॉम्प्रेशन चढवलं की हलकं पेट्रोल वेळेआधी भडकतं, इंजिन नॉक करतं, पिस्टन आणि बेअरिंग मार खातात.

"लेहला माझी घासलेली गाडी मस्त चालायची," असं कुणी सांगेल. चालणारच. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब एक तृतीयांशाने कमी असतो. तीच गाडी मे महिन्यात जयपूरच्या ४५ डिग्रीत चढावर घाला, मग ऐका.

दुसरे म्हणतात, आता इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढलंय. खरं आहे. पण जुन्या कार्ब्युरेटरचे जेट तेच राहिले तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला एवढी गरमी परवडत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वाढवण्याआधी हरवलेलं कॉम्प्रेशन परत मिळवा. व्हॉल्व्ह लॅप करा, रिंगा तपासा, हेडचा कार्बन काढा, टायमिंग लावा. न ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांचं दुखणं इथेच सापडतं. तरीही हौस असेल तर फक्त गॅस्केट बदला. पातळ तांब्याची घाला, व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर मोजा, टॅपेट पुन्हा लावा. नॉक आलं तर जुनी जाडी परत बसवता येते. घासलेलं हेड मात्र जाड होत नाही.

हेडला हात लावण्याआधी मिस्त्रीला एकच विचारा: "आत्ता कॉम्प्रेशन किती आहे, मोजलंस का?" उत्तर आलं नाही, तर गाडी घरी आणा.