माहितीपट काढण्याचा व्यवसाय

पुढे काय होणार असे विचारले असता हल्ली एखादा विद्यार्थी ‘चित्रपट काढणार’ असे उत्तर देतो व घरातील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. त्या आठीस आम्ही सर्वस्वी नावे ठेवीत नाही. या धंद्यात द्रव्याचा भरवसा नाही हे खरेच. परंतु चित्रपट म्हणजे केवळ नटनटी व गाणी नव्हेत. खऱ्या माणसांचे जिणे दाखविणारे माहितीपटही असतात, आणि त्यांच्यापायी आयुष्य वेचणे हा हलका उद्योग आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

श्री. आनंद पटवर्धन यांचेच उदाहरण घ्यावे. त्यांचा जन्म १९५० साली मुंबईस झाला. १९८५ सालच्या ‘हमारा शहर’ या त्यांच्या चित्रपटात मुंबईच्या पाडल्या जाणाऱ्या झोपड्यांतील लोक दिसतात. त्यात एक बाई कॅमेरा घेऊन आलेल्या मंडळींनाच फटकारते. गरिबांची चित्रे घेऊन तुमचे नाव होईल, आमच्या पदरी काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. दुसऱ्या कोणी हा भाग कापून टाकला असता; पटवर्धनांनी तो राखला. या व्यवसायाची खरी परीक्षा त्या बाईच्या प्रश्नातच आहे.

त्याच चित्रपटात शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आहे. पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध होऊन जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला; दहा जण मृत्यू पावले. ते दुःख सोसवेना म्हणून घोगरे यांनी काही दिवसांतच आपले जीवन संपविले. पटवर्धन त्यानंतर दलित वस्त्यांतून १४ वर्षे चित्रण करीत राहिले. तेथील शाहीर, त्यांची कवने, लांबत गेलेला खटला, या साऱ्यातून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा चित्रपट सिद्ध झाला, व ज्यांचा तो होता त्यांच्या वस्त्यांतूनही दाखविला गेला. बाईच्या प्रश्नास हे पुरते उत्तर नव्हे. पण उत्तराची वाट हीच असावी.

त्यांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ दूरदर्शनाने नाकारला, तेव्हा ते न्यायालयात गेले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो दाखविण्याचा आदेश दिला. यास चिकाटी म्हणावे की हट्ट, हे पालकांनी ठरवावे.

आमच्या वसमतेसही पाहण्याजोगे थोडे नाही. हळदीच्या बाजारातील हमाल आहेत, उसाच्या हंगामात कोप्या घालून राहणारी तोडणीची कुटुंबे आहेत. मोबाइलचा कॅमेरा आता बहुतेक घरी आहे, व घटकाभर जाऊन चार चित्रे घेणे कोणासही जमते. ज्यास याहून अधिक करावयाचे आहे त्याने हंगामाच्या आरंभी जावे, अखेरीसही जावे, आणि पहिले काही दिवस कॅमेरा खिशातच ठेवावा. त्यास तेवढा वेळ पालकांनी द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.