एम-थ्री गेला, आता पुढे?

मंडळी, इंजिनिअरिंगचे निकाल लागायला लागले की दोन प्रकारचे सल्ले फुकट मिळतात. पहिला म्हणजे 'संपलं सगळं'. हा शेजारचे काका तोंडाने देत नाहीत, नुसत्या चेहऱ्याने देतात. दुसरा, 'मार्कांत काय ठेवलंय रे, सचिन कुठे कॉलेजात गेला होता!' हा नोकरी लागलेले सीनिअर देतात, तोही पगार जमा झाल्यावर. मला दोन्ही सारखेच निरुपयोगी वाटतात. दुसरा तर जरा जास्तच.

कारण मार्कांत बरंच काही ठेवलेलं असतं. कॅम्पसला येणाऱ्या कितीतरी कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्के मागतात, वर 'चालू बॅकलॉग नको' ही अट. पुण्या-मुंबईच्या मुलाला ही अट टाळून आत जायला एखादी ओळख सापडते. सावनेरहून रोज एसटीने नागपूरला अप-डाऊन करणाऱ्याचं तसं नसतं. मी सावनेरचाच, म्हणून ठासून सांगतोय. आमच्याकडे कोळशाच्या खाणी आहेत, संत्री आहेत, कापूस आहे. सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर असलेला मामा मात्र घरोघरी नाही. त्यामुळे बहुतेकांना कॅम्पस हा एकच दरवाजा, आणि तो बंद व्हायची भीती खोटी नसते.

मागच्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. सेकंड इयरला आहे. "दादा, एम-थ्री गेला न. आता प्लेसमेंटले बसू देतीन का?" मागून मावशी, "सकाळपासून काही खाऊन नाई रायला तो, तूच सांग त्याले."

त्याला म्हटलं, आधी गणित कर. लाप्लासचं नाही रे, पाचवीतलं, सरासरीचं. पहिल्या सेमला त्याला ७.५, दुसऱ्याला ७.२ आणि आता ४.८. म्हणजे आजचा सीजीपीए ६.५. समजा सगळ्या सेमला सारखेच क्रेडिट, आणि उरलेल्या पाचही सेमला त्याने ७.५ काढले, तर शेवटी ७.१ च्या वर जातो. ही सेमसुद्धा ७.२ ची झाली असती तर ७.४ च्या वर गेला असता. फरक ०.३ चा! शिवाय एम-थ्री चार क्रेडिटचा आणि सेम वीसची. एफ म्हणजे शून्य पॉइंट. तोच पेपर पुढच्या परीक्षेत बी ग्रेडने, म्हणजे ६ पॉइंटने, निघाला तर ४.८ चे सरळ ६ होतात. हे कागदावर मांडल्यावर त्याचा आवाज जरा ताळ्यावर आला. हाच हिशोब सातव्या सेमला केला असता तर इतकं हसरं उत्तर आलं नसतं, तेव्हा तो लवकर करावा हे बरं.

दुसरं काम उत्तरपत्रिका बघण्याचं. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळणं ही कुणाची मेहेरबानी नाही. ९ ऑगस्ट २०११ ला सुप्रीम कोर्टाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलंय की माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याला तो हक्क आहे. आणि तपासणाऱ्यांकडून काहीच चुकत नाही असंही समजू नका. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ऑनस्क्रीन तपासणी घाईत आणली, महिनोन्‌महिने निकाल रखडले आणि त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पण फोटोकॉपी मागवायची ती फक्त बेरीज तपासायला नव्हे. आपण नक्की कुठे अडकलो ते आपल्याच अक्षरात दिसतं, म्हणून. मावसभावाला वाटत होतं की त्याला एम-थ्रीमधलं काहीच येत नाही. कॉपी आली तर फुरिअर सीरिजचा प्रश्न बऱ्यापैकी सोडवलेला, लाप्लास मात्र दोन्ही ठिकाणी इन्व्हर्स काढताना पार्शल फ्रॅक्शनला अडकलेला. म्हणजे भोक बारावीच्या गणितात! आमच्याकडे आंबिया बहार गळला की संत्रावाला झाडाला नावं ठेवत नाही, आधी पाणी आणि मुळं बघतो. इथेही तेच करायचं.

आता माझं खरं म्हणणं. गुण परत मिळवणं आणि विषय परत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपल्याकडे चर्चा होते ती पहिल्याचीच. एटीकेटी म्हणजे 'अलाऊड टू कीप टर्म्स', पुढच्या वर्गात बसायची परवानगी. लाप्लास आला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. दुसऱ्या खेपेला बहुतेक जण 'इम्पॉर्टंट' प्रश्नांचं झेरॉक्सचं गठ्ठं पाठ करतात, पेपर निघतो, पार्टी होते. मग सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये आणि कंट्रोल सिस्टिम्समध्ये तोच लाप्लास पुन्हा दारात उभा. एक भोक तीन पेपर खातं. आणि कामाला लागल्यावरही ही मंडळी भेटतात बरं का. व्हॉट्सअॅपवर सकाळी येणारा 'शुभ प्रभात'वाला फुलांचा जेपेग फोटो घ्या, त्यात ८ बाय ८ च्या चौकटींवर जे डीसीटी चालतं ते फुरिअरचंच भावंड आहे.

थोर लोकांच्या नापासाच्या गोष्टी मला फारशा आवडत नाहीत, त्यात मधली मेहनत गाळलेली असते. एक मात्र सांगतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२२ मध्ये लंडनला डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला, तो परीक्षकांनी तसाच स्वीकारला नाही, सुधारून द्या म्हणाले. तोवर पैसे संपत आलेले, मुंबईला परतावं लागलं. इथे बसून त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ मध्येच पदवी मिळाली. त्याच वर्षी तो पुस्तक म्हणूनही निघाला. पदवी तर मिळालीच, पण रुपयाचा विषयही त्यांनी सोडला नाही. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे त्यावरच साक्ष दिली.

असो. मावसभावाने सध्या बारावीचं पुस्तक काढलंय, रोज पाच पार्शल फ्रॅक्शन, मग लाप्लास. रविवारी तो मला फोनवर एक गणित शिकवतो, मी मुद्दाम मठ्ठासारखे प्रश्न विचारतो. (मुद्दाम म्हणजे, काही खरेच असतात.)

आणि मुलाखतीचं म्हणाल तर, आमच्या टीमसाठी फ्रेशर्सच्या मुलाखती होतात तेव्हा अधूनमधून मीही पॅनेलवर असतो. मार्कलिस्टमध्ये एखादी सेम खड्ड्यात गेलेली दिसली की आम्ही विचारतोच, "इथे काय झालं?" बहुतेक जण आजारपण सांगतात, खरं असेलही. मी पुढचा प्रश्न त्याच विषयातला विचारतो, अगदी सोपा. त्यावर मार्कर उचलून बोर्डाकडे जाणारे थोडेच असतात, आणि नंतर निवडताना त्यांची नावं आम्हाला आठवतात.