कंडेन्सर नावावरून घ्यावा की आकड्यांवरून?

सोलापुरात चादरीसाठी सूत घेणारा विणकर आधी सुताचा नंबर विचारतो. वेष्टनावरचे चित्र पाहून तो माल उचलत नाही. गिटारसाठी व्हॉल्व्हचा वर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, बांधणारी हौशी मंडळी मात्र पुष्कळदा उलटे करतात. टोन कंट्रोलचे भाग निवडताना अमक्या कंपनीचा, जुन्या साठ्यातला, महागडा कंडेन्सर ‘गोड’ वाजतो, अशी चर्चा रंगते. माझे मत असे, की येथे पैसा नावावर नव्हे, आकड्यांवर खर्च करावा. आणि पाहायचे आकडे तीनच आहेत.

पहिला आकडा धारितेचा. कंडेन्सर उच्च वारंवारतेचा प्रवाह सहज जाऊ देतो आणि नीच वारंवारतेचा अडवतो. कोणत्या वारंवारतेच्या आसपास हा फरक पडू लागेल, हे सोबतच्या रोधावर अवलंबून असते. रोध किलोओहममध्ये आणि धारिता मायक्रोफॅरडमध्ये घ्या, दोहोंच्या गुणाकाराने १५९ ला भागा. उत्तर हर्ट्झमध्ये मिळेल. १०० किलोओहम व ०.०१ मायक्रोफॅरड या जोडीचे उत्तर १५९ हर्ट्झ. धारिता ०.००१ केली, तर ते १,५९० हर्ट्झ होते. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडल्यास ८२ हर्ट्झचा, तर सर्वांत बारीक तार ३३० हर्ट्झचा स्वर देते. म्हणजे पहिली जोडी खर्जाच्या भागात काम करील, दुसरी स्वराला धार देणाऱ्या उपस्वरांवर.

अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या १९६० नंतरच्या प्रसिद्ध मंडलांत तीव्र स्वरांसाठी २५० पिकोफॅरडचा आणि खर्जासाठी ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आढळतो. दोहोंत ४०० पटींचा फरक! आवाज घडतो तो या फरकातून. शिवाय ज्या पोटेन्शिओमीटरची खुंटी आपण फिरवतो, त्याच्या छापील मूल्यात २० टक्के कमी-अधिक सर्रास चालते. २५० किलोओहमचा नग २०० चा किंवा ३०० चाही निघू शकतो. तो न मोजता कंडेन्सरच्या छापावर वाद घालण्यात काय अर्थ?

दुसरा आकडा विद्युत्‌दाबाचा. ट्रान्स्फॉर्मरने दिलेले २५० व्होल्ट एकदिश केल्यावर ३५३ व्होल्टपर्यंत चढतात. अनेक मंडलांत टोन कंट्रोलचे कंडेन्सर थेट व्हॉल्व्हच्या पट्टिकेला जोडलेले असतात. व्हॉल्व्ह तापून काम करू लागेपर्यंत जवळजवळ पूर्ण दाब त्यांच्यावर येऊ शकतो. म्हणून ते ४०० व्होल्टचे, शक्यतो ६३० व्होल्टचे हवेत. कंडेन्सर गळू लागला की खुंटी फिरवताना खरखर येते आणि पुढच्या व्हॉल्व्हचे काम बिघडते.

तिसरा आकडा तापमानाचा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यात पेटीतल्या व्हॉल्व्हची उष्णता मिळते. काही स्वस्त सिरॅमिक कंडेन्सरांची धारिता ८५ अंशांपर्यंत तापल्यास निम्म्याहूनही कमी होऊ शकते. पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्याचा कंडेन्सर त्या मानाने पुष्कळ स्थिर असतो, आणि तो महागही नसतो.

“पण आम्हांला फरक ऐकू येतो!” असे कोणी म्हणेल. येतही असेल, पण तो कानाला येतो की किमतीला, हे तपासता येते. मोजून समान धारितेचे दोन कंडेन्सर एका बटणावर जोडा. ऐकणाऱ्याला न दिसेल अशा रीतीने मित्राने नाणे उडवून त्यांतला एक निवडावा. असे २० वेळा करा आणि उत्तरे लिहून ठेवा. निव्वळ अंदाजाने १५ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्केच असते. तेवढी आली, तर आपले मत बदलावे. निकाल काही येवो, तो मान्य करणे हेच विज्ञान.

मात्र हा प्रयोग ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टर वर्धकावरच करावा. रोध व धारितेचे गणित तेथेही तेच असते. व्हॉल्व्हच्या वर्धकातील मोठे कंडेन्सर वीज बंद केल्यावरही प्राणघातक दाब धरून राहू शकतात. जाणकार शेजारी असल्याशिवाय त्याची पेटी उघडू नये.

शिक्षकांनाही एक विनंती. रोध आणि धारितेचे सूत्र फळ्यावर लिहून थांबू नका. ते एकदा मुलांच्या कानांपर्यंत पोहोचू द्या.