सिस्टरांची बदली करण्याआधी
बाळंतिणीचा बीपी नॉर्मल होता. तरी आमच्या जुन्या सिस्टरांनी चादर सारून पॅड पाहिलं, पोटावर हात ठेवला. गर्भाशय कणकेसारखं मऊ. मसाज सुरू करतच त्यांनी मला ऑक्सिटोसिन आणायला पिटाळलं. धडधाकट बाईचा बीपी बरंच रक्त जाईपर्यंत टिकतो, नाडी आधी पळू लागते. हे मीही पुस्तकात वाचलं होतं. हात कधी ठेवायचा, ते मात्र लेबर रूममध्ये वर्षं काढल्यावर कळतं.

अमेरिकी परिचारिका-संशोधक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली अशा अनुभवातून घडणाऱ्या परिचारिकेच्या नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यांचं एक म्हणणं आमच्या साहेबांनी वाचावं. रुग्णांचा प्रकारच अनोळखी असेल तर मुरलेली परिचारिकाही पुन्हा नवशिकी ठरू शकते. आमच्याकडे आयसीयूत तयार झालेली बाई रोटेशनच्या नावाखाली ओपीडीत केसपेपर लावत बसते, आणि कंत्राटी मुलगी हात बसायच्या आत घरी जाते. नव्यांना सगळे वॉर्ड जरूर दाखवा. पण जुनीला हलवण्याआधी तिच्या हाताखाली निदान दोघी तयार झाल्यात का, एवढं मेट्रनबाईंना विचारा.