धायटी : ऊन भरपूर, पाणी बेतानं

फेब्रुवारीत गगनबावड्याच्या वाटेला लागलं, की डोंगरउतारांवर तांबूस झुडपं दिसू लागतात. ती धायटी. कारवी सात वर्षांनी फुलते म्हणून तिला बघायला गाड्या भरून माणसं जातात. धायटी बिचारी दर वर्षी न चुकता फुलते, म्हणून तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

जवळ जाऊन बघा. फांद्या कमानीसारख्या वाकलेल्या, बरीचशी पानं झडलेली आणि फांदीभर शेंदरी-लाल नळ्यांचे झुबके. फूल म्हणून दिसते ती लाल नळी म्हणजे निदलपुंज. खऱ्या पाकळ्या सहा, पण चष्मा लावूनही शोधाव्या लागतील एवढ्या बारीक. नळीच्या तोंडातून पुंकेसर बाहेर आलेले, तळाशी मध. शिंजीर येतो, चोच खुपसतो आणि कपाळाला पराग फासून पुढच्या झुबक्यावर जातो. मेंदी, डाळिंब आणि आपलं राज्यफूल तामण ही सगळी धायटीची भावकी.

वैद्य तिला धातकी म्हणतात. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट घरोघरी असतं, पण त्यात ही फुलं असतात हे कितीजणांना ठाऊक असेल? काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून भांडं बंद करतात. फुलांवर मुळातच असलेलं यीस्ट त्या गुळावर काम करतं आणि अरिष्ट आंबतं. गूळ आमचा, धायटीही आमची. कोल्हापूरकरानं एवढं मिरवायला हरकत नाही. मात्र रानातलं झुडूप फुलांसाठी पार ओरबाडलं, तर शिंजिराला मध उरत नाही आणि डोंगराला बीही मिळत नाही. म्हणून ती आपल्या कुंपणाला लावावी, असं माझं म्हणणं.

"अवो, रानातलं झुडूप दारात कशाला?" शेजारच्या काकूंनी विचारलंच. त्यांच्या दारातल्या क्रोटनला उन्हाळ्यात रोज पाइप धरावा लागतो, हे मी बोललो नाही. शेजारधर्म असतो.

धायटीला दिवसभराचं ऊन लागतं. सावलीत ती नुसती लांबते, फुलत नाही. माती कसदार नसली तरी चालते, पण मुळाशी पाणी साचलेलं तिला खपत नाही. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत लावायची असेल तर खड्ड्यात निम्मा मुरूम घाला आणि आळं करण्याऐवजी उंचवटा करा. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पाणी द्या, मग हळूहळू हात आखडता घ्या. शेणखताचा मारा केलात तर पालाच माजेल. वाढली की दोन-तीन मीटर उंच होते आणि तेवढीच पसरते, तेव्हा भिंतीला खेटून लावू नका.

खरी गंमत छाटणीत आहे. दिवाळीच्या साफसफाईत कात्री चालवली तर येणारी फुलंच कापली जातात, कारण ती आधीच वाढलेल्या फांद्यांवर लागतात. जोतिबाची चैत्र यात्रा झाली की छाटावं. एक तृतीयांश छाटली तरी पावसात पुन्हा भरते. झुडूप म्हातारं, काटक्यांचं झालं तर बुंध्यापासून कापायलाही घाबरू नका. वणव्यात होरपळलेली धायटीसुद्धा बुडातून फुटते.

रोपासाठी नर्सरीत विचारलं तर बहुधा "ती कोण घेतंय, दादा?" असं उत्तर मिळेल. डोंगरावरची उपटून आणू नका. तिची मुळं खडकाच्या भेगांत गेलेली असतात, ती तुटली की झाड जगत नाही. अभयारण्यात तर तो गुन्हाच. छाटताना दोन-चार फांद्या राखलेल्या झुडपावरून बी घ्या. वाळलेल्या नळीतच बोंड असतं आणि त्यात तपकिरी पुडीसारखं बारीक बी. वळवानं सांडून जायच्या आत ते काढावं, वाळूत मिसळून बारीक मातीवर भुरभुरावं, वर माती ओढू नये. झारीनं ते वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्यायची. रोपं सुरुवातीला फार सावकाश वाढतात. जमिनीत लावायला पुढच्या वर्षीचा मृग गाठायचा.